राजाच्या घोड्यापुढं

आमच्या घरात जगभरच्या राजेराण्यांचा नाश्ता झालेला आहे. कपबशा मात्र आमच्याकडं चारच होत्या आणि त्यातल्या एका कपाचा कान गेलेला होता. बीदर जिल्ह्यात हळ्ळीखेडच्या अलीकडं, हुमनाबादच्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव, आणि गावाच्या पूर्वेला आमची तीस-एक घरं, बौद्धांची. त्या तीस घरांत केबलची तार पहिल्यांदा आमच्याकडं आली. अप्पा, म्हणजे माझे वडील, गावातल्या संस्थेच्या शाळेत मास्तर होते. मास्तराच्या घरी जग आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तर जग आलं. रोज सांजच्याला, माय भाकरी थापायला बसली की, हिंदीत बोलत बोलत आलं. एकीकडं परातीत थपाथप, एकीकडं शेजारच्या गिरणीचा पट्टा, आणि मधून तो जाड, गंभीर आवाज. सिंह असो, समुद्र असो की कुठल्या देशाची महाराणी, सगळ्यांची ओळख करून देणारा माणूस एकच. मध्येच गिरणी बंद पडली की तो आवाज एकदम अंगावर यायचा आणि टीव्हीतला सिंह दारातल्या म्हशीला दचकवायचा.

माय दिवसभर तुरीत खुरपून आलेली असायची. तिला टीव्हीकडं बघायला सवड नव्हती, पण मत द्यायला होती. एक गोरा माणूस पाठीला पिशवी लावून रानात जायचा, पानावरचं दव चाटायचा, किडे खायचा, आणि आता आपण जगतो की नाही अशा चेहऱ्यानं आमच्याकडं बघायचा. माय म्हणायची, "घरदार असून भाईर झोपायलाय. बायकूनं हाकलला असंल." त्यानं अळी तोंडात टाकली की तव्यावरची भाकरी उलथून म्हणायची, "बोलवा रे त्याला हिकडं. पुंडीची भाजी हाय म्हणावं, शेंगाची चटणी हाय. कामून जिवाचे हाल करायलाय?" पुंडी म्हणजे अंबाडी, आमच्या भाजीचं नाव कानडी आणि फोडणी मराठी. राजघराण्यांचा कार्यक्रम असला की मात्र ती खरोखर चिडायची. कुठली तरी राणी उकडलेलं अंडं खायची आणि मागं चार माणसं हात बांधून उभी. "एका अंड्याला चार माणसं? हात मोडलेत का तिचे?" अप्पा भिंतीला टेकून गप्प बघत राहायचे. ते कशावर हसतायत आणि कशावर नाही, हे त्यांच्या मिशीवरून ओळखावं लागायचं.

आणि मी? मी सोळा वर्षांची होते आणि पक्की वाया गेलेली होते. हापशीवर घागर घेऊन निघाले की मनात तो जाड आवाज सुरू व्हायचा: ही धाडसी मुलगी आता पाण्याच्या शोधात निघाली आहे. हापशी घरापासून साठ पावलांवर होती. जगाची सफर करणारा एक जण कुठल्याही देशात गेला की एखाद्या झोपडीपुढं उभा राहून म्हणायचा, हे लोक किती साधे, किती सुखी! मी मान डोलवायची. आमच्या डोक्यावरही पत्रेच होते, आम्हीही त्या झोपडीवाल्यांसारखे दारात बसून जेवायचो, पण तो म्हणतो ते साधे-सुखी लोक म्हणजे आपणच, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी मनानं कायम कॅमेऱ्याच्या मागं उभी. आता कलबुर्गीच्या घरात माझी पोरगी फोन उभा करून स्वतःच्या इडलीचं चित्रीकरण करते, तेव्हा मी तिला रागावायला तोंड उघडते आणि मिटते.

अशा पोरीच्या गावात खरोखरची जीप आली, कॅमेरे आले, आणि अनेक खिशांची विजार घातलेल्या दिल्लीच्या एक मॅडम आल्या. विस्मृतीत गेलेल्या राजघराण्यांवर त्या फिल्म करत होत्या. आमच्या गावात राजघराणं आहे हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. दौलतरावांचे आजोबा निजामाच्या राज्यात पाच गावांचे जहागीरदार होते. राजा वगैरे काही नाही. घोड्यावर बसून सारा वसूल करायचा आणि हैदराबादला धाडायचा, वाटेत थोडा सांडायचा तो घरात. पुढं जहागिरी गेली, घोडा गेला, गढीची पांढरी माती लोकांनी घरं लिंपायला नेली. दौलतरावांकडं बाजारात खत-बियाण्याचं दुकान उरलं आणि आमच्या शाळेच्या संस्थेचं अध्यक्षपद. गाव त्यांना 'खतवाले' म्हणायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी 'राजासाहब' म्हणून हाक मारली, आणि दौलतराव युरियाच्या पोत्यावरून जे उठले ते पुन्हा त्याच्यावर बसले नाहीत.

मॅडमना दुभाषा पाहिजे होता. हिंदी तशी गावात सगळ्यांनाच यायची, पण ती आमची दखनी; 'हौ' आणि 'नक्को'च्या पुढं मॅडमना काही कळेना. माझी हिंदी टीव्हीवरची होती. मी 'अद्भुत' म्हणायची, 'अकल्पनीय' म्हणायची. मला लगेच ठेवून घेतलं.

राजाच्या नाश्त्याचं चित्रण झालं तेव्हा मी तिथं होते. चकचकीत ताटं, सुरई, गालिचा, सगळं बिछायत केंद्रातून आणलेलं. प्रत्येक ताटाच्या बुडाला बिछायतवाल्याचं नाव कोरलेलं होतं, म्हणून ताट तिरकं करायचं नाही अशी राजाला सक्त ताकीद होती. दुकानातले दोन हमाल दोन्ही बाजूंनी पंखे हलवत होते. दौलतराव रोज सकाळी सुसला खायचे, चुरमुऱ्यांचा, वर मिरची भजं. मॅडम म्हणाल्या, जे रोज खाता तेच खा, पण सुरीकाट्यानं खा. मिरची भजं सुरीनं कापणारा राजा मी जगातल्या एकाही देशात पाहिला नव्हता. भजं ताटातून दोनदा निसटलं आणि एकदा हमालानं पायानं अडवलं.

मग मिरवणूक ठरली. घोडा हुमनाबादच्या वरातवाल्याकडून आणला. मॅडमनी विचारलं, पूर्वी राजाची स्वारी निघायची तेव्हा पुढं कोण असायचं? दौलतराव म्हणाले, "एक माणूस पळायचा की पुढं. घुंगराची काठी आपटत. सरकार आले, बाजूला व्हा, असं वरडत." मी हिंदी केलं. मॅडमचा चेहरा उजळला. तशी असली काठी आता कुठं मिळेल का, म्हणाल्या.

असली! त्या कार्यक्रमांमध्ये याच्याहून मोठा शब्द नव्हता. असली मसाई भाला, असली तंबू, असली राजमुकुट. माझ्याकडं जन्मात काही असली नव्हतं, आणि आता होतं. मी म्हणाले, "है ना. हमारी छत पर है."

ती काठी माझ्या आज्याची होती. घोड्यापुढं पळणारा माणूस म्हणजे माझा आजा. धम्म घेतला त्या दिवशी आज्यानं काठीची घुंगरं तोडून टाकली. काठी ठेवली. चांगला पोसलेला वेळू. माणसानं धर्म बदलला म्हणून वेळू काही खराब होत नाही. आजा गेल्यावर अप्पांनी तिला टीव्हीचा अँटेना बांधला, आणि केबल आल्यावर अँटेना निकामी झाला तेव्हा मायनं तिला दोरी बांधून कपडे वाळत घातले. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दर जयंतीला ही गोष्ट मी ऐकलेली होती, एकदा तर स्टेजवर उभं राहून सांगितलेली होती आणि वही-पेन मिळवलेलं होतं. पण घरातली गोष्ट आणि टीव्हीतली गोष्ट माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहायच्या, मधलं दार बंद.

"आणि काठी पकडणारा?" मॅडमनी विचारलं.

"माझे वडील आहेत," मी सांगितलं. "पूर्वी पळायचे त्यांचाच मुलगा."

एका दमात काठीही दिली आणि बापही दिला. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मिरवणुकीत फुलं उधळणाऱ्या मुलींमध्ये मला पहिली उभी केली. दौलतरावांना तर हसू आवरेना. "मास्तरच? लई बेस झालं. सांग त्यास्नी, दोन मिनटाचं काम हाय. आन् हेडमास्तरचा कागद माझ्या टेबलावरच हाय, हे बी सांग."

त्या कागदाचं आमच्या घरात फार दिवस चाललेलं होतं. जुने हेडमास्तर दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते, शाळेत अप्पा सगळ्यांत जुने. त्या वाढीव पगारावर मायनं मला मनातल्या मनात बीदरच्या कॉलेजात घातलेलंच होतं, अगदी होस्टेलच्या ट्रंकेसकट.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा मायचा हात पिठातच थांबला. "काठीसंगं बाप बी दिलास व्हय? म्हस राहिली की दारात. ती कामून ठिवलीस?"

"माय, टीव्हीत येणार हायत अप्पा. आख्खा देश बघणार."

"तुझा आजा पळताना बी आख्खं गाव बघायचं."

अप्पा जेवत होते. त्यांनी भाकरीचा घास मोडला आणि शांतपणे विचारलं, "बोलायचं काय हाय त्यात?"

"काहीच न्हाई. पळायचं आन् वरडायचं."

"अंगावर काय?"

"धोतर." मग मी जरा थांबले. "वर काही नको म्हणल्या मॅडम."

"आन् दौलतराव काय म्हणले?"

"कागद टेबलावर हाय म्हणले."

माय चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिली. टीव्हीत कुणीतरी बर्फाच्या डोंगरावर चढत होतं. अप्पांनी ताटात पाणी ओतून हात धुतला. "जातो मी उद्या," ते म्हणाले.

मी खूश झाले. इथं जरा सांभाळून लिहावं असं मला वाटतं, निदान 'मन खिन्न झालं' असं काही तरी टाकावं. पण नाही. मी खूश झाले आणि वेणीला बांधायला लाल रिबिन शोधायला लागले.

सकाळी बाजारात आख्खं गाव लोटलं होतं. दौलतराव भाड्याचा फेटा बांधून घोड्यावर बसलेले, आम्ही सहा मुली झेंडूची ताटं घेऊन उभ्या. अप्पा आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन, आणि डोक्यावर आमच्या घरातली एकुलती एक लोखंडी खुर्ची. त्यांनी ती खुर्ची दुकानापुढच्या लिंबाखाली मांडली, रुमालानं पुसली, आणि कॅमेऱ्याकडं तोंड करून बसले.

मॅडमनी मला विचारलं, काठी कुठाय?

"काठीवर कपडे वाळायलेत," अप्पा म्हणाले. "सांग त्यास्नी, मी त्यांचे कार्यक्रम रोज बघतो. त्यात एक जाणकार माणूस असतो. तो खुर्चीत बसून सांगतो. खाली त्याचं नाव येतं, शिक्षण येतं. ह्या स्वारीतला जाणकार मी हाय. विचारा म्हणावं."

दौलतराव घोड्यावरूनच ओरडले, "मास्तर, हे काय करायलाव? आधी पळा, मग बसा की निवांत!"

"पळून झालंय सरकार," अप्पा म्हणाले. "आमच्या बापानं पळून ठिवलंय."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं, कॅमेरावाल्याला खूण केली. म्हाताऱ्याला दोन मिनिटं बोलू द्या म्हणजे मग पळेल, असा त्यांचा हिशेब असावा. अप्पा बोलायला लागले आणि मी शेजारी उभी राहून हिंदी करायला लागले.

ते म्हणाले, मी पाच वर्षांचा होतो. उन्हाळा होता. सरकारची स्वारी तीन कोसांवरून आली. घोडा चालत आला आणि माझा बाप घोड्यापुढं पळत आला. गावात आल्यावर घोडा फेसाळला होता आणि बापही. घोड्याला हौदावर नेलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. बाप हौदापासून दहा हात लांब उभा. त्यानं मागितलं. त्याला म्हणाले, थांब. घोड्याचं झाल्यावर कुणी तरी वरून ओतेल म्हणून तो ओंजळ धरून थांबला. मी मोजायला नुकताच शिकलो होतो, म्हणून मोजत बसलो. माझे आकडे शंभरापर्यंतच होते. ते संपले, मग मी पुन्हा एकपासून सुरू केलं.

हे सगळं मी हिंदीत सांगितलं. 'अद्भुत' नाही, 'अकल्पनीय' नाही. ते शब्द तिथं बसतच नव्हते. शंभर संपल्याचं मला दोनदा सांगावं लागलं. माझ्या डोक्यातल्या दोन खोल्यांमधलं दार त्या वेळी उघडलं असं मी पोरांना सांगत असते. खरं म्हणजे किलकिलं झालं असेल. कारण अप्पांनी खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली आणि ते घरी निघून गेले, आणि मी? मी परत रांगेत जाऊन झेंडूचं ताट घेतलं. कुणी धरून ठेवलं नव्हतं मला. रिबिन बांधलेली होती ना.

अप्पांच्या जागी दुकानातल्या हमालाला पळवला, बैलाची घुंगरं एका बांबूला बांधून. हलगी वाजली आणि वरातीतला घोडा जे शिकला होता ते करायला लागला. तो नाचला. पुढचे पाय उचलून, मान मुरडून, नवरदेवाला मांडवात नेईपर्यंत घोडे नाचतात तसा नाचला. दौलतरावांनी फेटा सावरायचं सोडून घोड्याच्या मानेला मिठी मारली. मॅडम ओरडत होत्या, "बाजा बंद करो!" आणि हलगीवाल्याला वाटत होतं, जोरात वाजव म्हणतायत. मी फुलं उधळली. कॅमेरा आमच्याकडं होता तोवर उधळली.

दोन महिन्यांनी हेडमास्तरचा कागद निघाला तो अप्पांच्या हाताखाली शिकवणाऱ्या एकाच्या नावाचा, जो दौलतरावांच्या मेव्हण्याचा जावई होता. "मास्तर बोलतात चांगलं," दौलतराव म्हणाले, "पण हेडमास्तरला ऐकून घ्यायला यावं लागतं." माझं बीदर हुमनाबादवर आलं, बसच्या पासावर. घरात यावर मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी उलटून काही तरी म्हणाले असते आणि विषय मिटला असता.

फिल्म लागली ती एका रविवारी दुपारी. आमच्या घरात माणूस मावत नव्हता. पोरं खिडकीत, बायका चुलीपाशी, म्हातारी माणसं बाजेवर. हौद, ओंजळ आणि शंभरापर्यंतचे आकडे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते आता देशाला कळणार होतं. अप्पांनी तोच पांढरा शर्ट घातला होता. सुरुवातीला रान, मग सूर्य, मग दौलतराव सूर्याकडं बघताना. बराच वेळ बघत राहिले. मग लिंब दिसला, खुर्ची दिसली, अप्पा दिसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाली नाव नव्हतं. 'एक ग्रामवासी' असं होतं. अप्पांचे ओठ हलले, 'मी पाच वर्षांचा' एवढं ऐकू आलं, आणि त्याच्यावर तो जाड, गंभीर आवाज चढला: "हमारे पुरखे राजासाहब के घोड़े को भी अपने हाथों से पानी पिलाते थे। वो दिन ही कुछ और थे।"

आणि अप्पा दिसेनासे झाले. पडद्यावर नाश्ता आला.

चुलीपाशी बसलेल्या धुरपताकाकूनं हळूच विचारलं, "मास्तर, तुमी असं म्हणलाव?"

मला वाटलं, अप्पा उठून बाहेर जातील. ते उठले, टीव्हीपाशी गेले आणि आवाजाचं बटण फिरवून पार बंद करून टाकलं. चित्र चालू ठेवलं. मग वर्गात फळ्याशेजारी उभे राहायचे तसे टीव्हीशेजारी उभे राहिले आणि बोट ठेवून बोलायला लागले.

"ही ताटं बिछायतवाल्याची हायत. उलटी करा, खाली नाव दिसंल. हे राजे भजं कापायलेत. बगा, आता निसटंल." मॅडमनी तेवढं चित्रण कापून टाकलं होतं, भजं निसटलं नाही, पण घरात हशा पिकला. "हा घोडा हुमनाबादचा. तुमच्या गोविंदाच्या लग्नात हाच होता, काकू." घोड्याचा नाच मॅडमनी संथ केला होता, त्यामुळं तो खरोखरच राजेशाही वाटत होता. "आन् हा पुढं पळायला तो दुकानातला हमाल. ह्याला तरी नंतर पाणी पाजलं का न्हाई, मी विचारलं न्हाई. विचारायला पाहिजे होतं. आता माझ्या बापाचं ऐका." आणि त्या मुक्या मिरवणुकीवर त्यांनी हौदाची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आकड्यांसकट. बाजेवरचे एक म्हातारबाबा मध्येच म्हणाले, "व्हय, मी बी बघितलंय ते," आणि डोळे पुसत राहिले.

तेवढ्यात पडद्यावर मी आले. लाल रिबिन, वर केलेला हात, आणि तोंडावर असा आनंद की माझ्या लग्नातल्या एकाही फोटोत नाही. झेंडूही संथ केलेला. एरवी दोन क्षणांत खाली पडलेली फुलं हवेत तरंगतच राहिली. घरातली सगळी माणसं पडद्यावरून माझ्याकडं आणि माझ्यावरून अप्पांकडं बघायला लागली. मी कोपऱ्यात म्हशीच्या पेंडीच्या पोत्याला चिकटून बसले होते. आत शिरता आलं असतं तर शिरले असते.

"ही माझी लेक," अप्पा म्हणाले. "मी बोललो ते हिनंच मॅडमला हिंदीत सांगितलं. एक अक्षर गाळलं न्हाई, मी ऐकत होतो." त्यांनी पडद्यावरच्या माझ्या हातावर बोट ठेवलं. "आन् फुलं बी हिनंच टाकली. दोन्ही खरं हाय."

"मग पडू द्या की एकदाची," माय चुलीपासून म्हणाली.

पण फुलं अजून वरच होती.